रिमांड होममध्ये मुलावर अत्याचार झाला तर कायद्याने काय काय करता येतं, पायरीपायरीने

भेटीच्या दिवशी निरीक्षणगृहाच्या गेटबाहेर थांबलेल्या आया एकमेकींशी फार हळू बोलतात. "पाठीवर वळ दिसले गं, विचारलं तर म्हणतो पडलो." आणि मग लगेच पुढचं वाक्य येतंच, "पण बोलायचं कसं, आपण घरी येणार आणि पोरगं आत राहणार." मी बरीच वर्षं अशा मुलांसोबत सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे केसभर मुलाच्या सोबतीला असणारं माणूस म्हणून, पोलीस स्टेशनला आणि कोर्टात जातेय आणि ही भीती खोटी आहे असं मी कुणालाच कधी सांगितलं नाही. ती खरीच आहे. म्हणूनच नुसती कलमं न देता काय आधी करायचं, काय नंतर, कुठला कागद कुठे द्यायचा आणि कुठला अजिबात द्यायचा नाही असं सगळं लिहितेय. लेख लांब होणार आहे, पण ज्याला गरज आहे तो वाचेल.

एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण इथेच घरचे लोक गप्प बसतात. मुलावर चोरीचा, मारामारीचा, अगदी खुनाचा आरोप असला तरी त्याला आत ठेवलंय ते चौकशी आणि सुधारणेसाठी. मार खायची शिक्षा त्याला कुठल्याही कोर्टाने दिलेली नाही. "तुमच्या पोराने काय केलंय ते आधी बघा" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, ती केस वेगळी आणि ही केस वेगळी एवढंच म्हणा.

आधी शब्द नीट लावून घेऊ

आपण सगळ्यालाच रिमांड होम नाहीतर बालसुधारगृह म्हणतो, मुंबईत तर नुसतं "डोंगरीला टाकलंय" म्हणतात. कायद्यात मात्र वेगवेगळी नावं आहेत आणि अर्जात ती बरोबर लागतात. बाल न्याय कायदा २०१५, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्यात चौकशी चालू असताना ठेवतात ते निरीक्षणगृह, गुन्हा सिद्ध झाल्यावर पाठवतात ते विशेष गृह, आणि १८ पूर्ण झालेली किंवा १६ ते १८ मधली गंभीर गुन्ह्यातली मुलं ठेवायला सुरक्षित ठिकाण. बालगृह वेगळं, ते अनाथ, हरवलेल्या, घरात त्रास असलेल्या मुलांसाठी. ज्या मुलावर आरोप आहे त्याला सरकारी भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात, त्याची केस बाल न्याय मंडळापुढे चालते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बाल कल्याण समिती असते. आता गंमत नाही पण महत्त्वाची गोष्ट अशी की मंडळापुढे आरोपी असलेल्या मुलावर आत अत्याचार झाला तर त्या बाबतीत ते मूल पीडित आहे, आणि पीडित म्हणून मिळणारं संरक्षण त्यालाही पूर्ण मिळतं. दोन्ही ओळखी एकाच वेळी असू शकतात.

आणि पोराला थेट लॉकअपमध्ये किंवा मोठ्यांच्या जेलमध्ये ठेवलं असेल तर तोच मुळात कायदेभंग आहे, कलम १० सरळ मनाई करतं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे जेलमधल्या मुलांसाठी सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, १९८६ चा तो निकाल आहे, म्हणजे हा मुद्दा काही नवा नाही. वयाचा वाद निघाला तर कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेच्या दाखल्याची सत्यप्रत घरात काढून ठेवा.

पायरी १: मूल अजून आत असेल तर नोंद गेटच्या बाहेर न्या

बहुतेक लोक इथे चुकतात. वळ दिसले की ते तिथल्या तिथे अधीक्षकांशी भांडतात, अधीक्षक म्हणतात चौकशी करतो, दोन आठवडे जातात, वळ जातात, सीसीटीव्हीचं फुटेज ओव्हरराइट होतं आणि रजिस्टरमध्ये "खेळताना पडला" अशी नोंद होऊन बसते. मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याच ताब्यात कागदही आहेत, म्हणून पहिलं काम एकच, मुलाच्या अंगावरच्या जखमेची आणि त्याच्या बोलण्याची एक तरी नोंद संस्थेच्या बाहेर कुठेतरी झाली पाहिजे.

ती कशी करायची? भेट संपल्यावर बाहेर येऊन लगेच, शक्यतो त्याच तासात, वहीत लिहा. तारीख, वेळ, मुलाने नेमकं काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, कुठे जखम दिसली, कुणाचं नाव घेतलं, तेव्हा अजून कोण हजर होतं. "मारलं" असं लिहू नका, "कमरेच्या पट्ट्याने डाव्या मांडीवर, मंगळवारी रात्री जेवणानंतर" असं लिहा. मुलाला खोदून खोदून विचारू नका, विशेषतः लैंगिक प्रकार असेल तर. त्याला जेवढं सांगायचंय तेवढं ऐका, बाकीचं विचारायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि आपण दहा वेळा वदवून घेतलं की उद्या कोर्टात शिकवून आणलंय म्हणतात. अजून एक, "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पोक्सोत, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की कळवणं बंधनकारक आहे, मग वचन मोडलं की मुलाचा तुमच्यावरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा "ज्यांना सांगितल्याने तुला मदत होईल त्यांनाच सांगेन" असं म्हणा.

मग त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळाला अर्ज. साध्या मराठीत, एका पानावर. चार मागण्या घाला: मुलाची सरकारी दवाखान्यात ताबडतोब मेडिकल तपासणी व्हावी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं सीसीटीव्ही फुटेज आणि रजिस्टर जपून ठेवायचा आदेश व्हावा, मुलाचं म्हणणं मंडळाने स्वतः, संस्थेचा कुणी माणूस हजर नसताना ऐकावं, आणि पोलिसांना गुन्हा नोंदवायला सांगावं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका, शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. मंडळाने महिन्यातून एकदा तरी अशा संस्थेला भेट द्यायची असते, हे कलम ८ मध्येच लिहिलंय, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. हाच अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पण द्या, २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांवर या यंत्रणेच्या देखरेखीची जबाबदारी वाढली आहे.

अर्ज शक्य नसेल, गाव लांब असेल, तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन करा, चोवीस तास चालतो. मुलं स्वतः पण करू शकतात, फक्त आतून फोन मिळायला हवा ना. संस्थेत सूचना पेटी असते, तिची चावी अधीक्षकांकडे नसून व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असायला हवी, पण खरं सांगायचं तर मी मुलांना फक्त पेटीवर अवलंबून राहा असं कधी सांगत नाही, कारण चिठ्ठी कुणी टाकली हे अक्षरावरून कळतं.

आता त्या भीतीबद्दल. तक्रार केली म्हणून मुलाचा जामीन अडवता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन हा नियम आहे, नाकारायची कारणं तीनच: सुटल्यावर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. यात "आईने तक्रार केली" हे कारण नाही. उलट मी तर म्हणते अत्याचाराची तक्रार झाली की त्याच दिवशी जामिनाचा अर्ज पण टाका आणि लिहा की धोका बाहेर नाही, आत आहे. जामीन नाहीच झाला तर दुसऱ्या संस्थेत हलवायची मागणी करा, पण आरोपी कर्मचाऱ्याला हलवा ही मागणी त्याच्या आधी लिहा, नाहीतर होतं काय की मुलालाच घरापासून दोनशे किलोमीटरवर पाठवतात आणि तो माणूस तिथेच ड्युटीला.

पायरी २: मेडिकल

मेडिकलसाठी एफआयआरची वाट बघायची गरज नाही, पोक्सोच्या कलम २७ प्रमाणे गुन्हा नोंद व्हायच्या आधीही तपासणी होऊ शकते. मुलगी असेल तर डॉक्टर बाई असायला हव्यात, आणि तपासणीच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असतं. केअरटेकर सोबत उभा राहिला तर त्याला नम्रपणे पण ठामपणे बाहेर जायला सांगा. लैंगिक प्रकारात पहिले तीन-चार दिवस महत्त्वाचे, कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पिशवीत ठेवा. दिवस उलटून गेले असतील तरी तपासणी कराच, डॉक्टरांनी लिहिलेला मुलाचा जबाबही पुराव्यात येतो. उपचार सरकारी काय आणि खाजगी काय, दोन्हीकडे मोफत द्यायला लागतात, हे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे.

मारहाणीत डॉक्टरांना एमएलसी, म्हणजे पोलीस केसच्या जखमांची वैद्यकीय नोंद, करायला सांगा. हाड किंवा दात मोडला असेल, किंवा मूल पंधरा दिवस रोजची कामं करू शकत नसेल तर ती "गंभीर दुखापत" होते, आणि हा एक शब्द पुढच्या पायरीत फार उपयोगी पडतो.

पायरी ३: एफआयआर, आणि कुठलं कलम लावून घ्यायचं

इथे जरा थांबून वाचा, कारण वकिलांचीही इथे गफलत होते.

लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो. मुलगा असो, मुलगी असो, तृतीयपंथी मूल असो, १८ च्या आतलं कुणीही. निरीक्षणगृह, रिमांड होम किंवा अशा कुठल्याही ताब्याच्या जागेतल्या कर्मचाऱ्याने केलं तर ते कलम ५(ड) खाली "तीव्र" स्वरूपाचं होतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी २० वर्षं, मग जन्मठेप, अगदी फाशीपर्यंत शिक्षा आहे. शरीरात प्रवेश केलेला नसेल, नको तिथे हात लावणं वगैरे असेल, तर कलम ९ आणि १०, पाच ते सात वर्षं. पोलिसांनी साधं कलम ४ किंवा ८ लावलं तर लगेच लेखी सांगा की आरोपी संस्थेचा कर्मचारी आहे, ५ किंवा ९ लावा. ज्याला माहिती होतं आणि ज्याने कळवलं नाही त्यालाही शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. मूल खोटं बोलतंय म्हणून मुलावरच केस करू अशी धमकी कुणी दिली तर कलम २२ दाखवा, मुलाला त्याखाली शिक्षा होतच नाही.

जबाब घेताना मुलाला पोलीस स्टेशनला न्यायची गरज नाही, मुलाला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला पीएसआयने, युनिफॉर्म न घालता घ्यायचा असतो. निरीक्षणगृहाच्या ऑफिसमध्ये, जिथून ओरडायचा आवाज आला असेल तिथेच बसून घेतलेला जबाब मला कधीच मान्य नसतो, जागा बदलून मागा. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि पोक्सोच्या विशेष कोर्टाला कळवायचं असतं, आणि समिती मुलाला सपोर्ट पर्सन देते. ती व्यक्ती त्याच संस्थेशी संबंधित नको, हे अर्जात लिहून द्या, लोक गृहीत धरतात आणि फसतात.

आता मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं, चटके देणं. यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, संस्थेचा कर्मचारी किंवा चालक असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड, आणि मूल शरीराने अपंग झालं किंवा मानसिक आजारी झालं तर तीन ते दहा वर्षं. वाचायला छान आहे. पण २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षं शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र करून टाकले, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणजे नुसतं ७५ सांगितलं की ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून देतो आणि म्हणतो मॅजिस्ट्रेटकडे जा. मला हा बदल मनापासून चुकीचा वाटतो, ज्याच्या हातात मूल आहे त्याच्याविरुद्धची तक्रारच अवघड करून ठेवली. यावर उपाय असा की घटनेत जे दखलपात्र आहे ते पण सोबत लावून घ्यायचं, कारण एक जरी कलम दखलपात्र असलं तरी सगळी केस दखलपात्र धरली जाते. गंभीर दुखापत असेल तर जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं ११७, चटके किंवा घातक हत्यार असेल तर ११८, खोलीत कोंडलं असेल तर १२७, कबुली काढायला मारलं असेल तर १२०. म्हणून मी वर म्हटलं की नुसतं "मारलं" लिहू नका. कशाने, कुठे, किती वेळ, कशासाठी, त्यावर कलम ठरतं.

बाल न्याय कायद्यातच कलम ८२ म्हणून अजून एक आहे, शिस्तीच्या नावाखाली शारीरिक शिक्षा. पहिल्या वेळी नुसता दहा हजार दंड. संस्थेला हेच कलम आवडतं, केस त्यावर मिटवायला बघतात. त्याचा एक उपयोग आहे, दोषी ठरला की त्या माणसाची नोकरी जाते आणि पुन्हा मुलांसोबत काम करता येत नाही, आणि चौकशीत अडथळा आणणाऱ्या व्यवस्थापनाला कमीत कमी तीन वर्षं शिक्षा आहे. पण एकट्या ८२ वर समाधान मानू नका.

आणि मारणारं किंवा अत्याचार करणारं दुसरं मोठं मूल असेल तर? हे फार होतं आणि फार कमी बोललं जातं. त्या मुलाची केस मंडळापुढे जाईल, पण लहान-मोठी मुलं एकत्र झोपवली कुणी, रात्री ड्युटीवर कोण होतं, आधी तक्रार आली होती का, हे प्रश्न संस्थेला लागू होतात आणि तक्रारीत ते प्रश्न लिहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळं खापर एका पोरावर फोडून मोठी माणसं मोकळी होतात.

पोलिसांनी एफआयआर घेतलीच नाही तर: ललिताकुमारी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१३ सालीच सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर घ्यायलाच लागते. हद्द कुठलीही असो, कुठल्याही स्टेशनला झिरो एफआयआर देता येते. तरी नाही म्हणाले तर लेखी तक्रार एसपींना किंवा आयुक्तांना, तिथूनही काही नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली कोर्टात अर्ज. एसपींना पाठवल्याची पोस्टाची पावती जपा, तिच्याशिवाय तो अर्ज लंगडा पडतो. आरोपी सरकारी नोकर असेल तर "सरकारची परवानगी लागते" असं ऐकवतात. लैंगिक गुन्ह्यात ती लागत नाही, कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे. मारहाणीत हा मुद्दा वकील काढणारच, तेव्हा आपल्या वकिलाने तयारीत असायला हवं की मुलाला पट्ट्याने झोडणं हे कुणाचं सरकारी कर्तव्य असूच शकत नाही.

पायरी ४: वकील, फुकट आणि आपल्या बाजूचा

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मूल असेल, बाई असेल किंवा कुणी ताब्यात असेल, आणि त्यात बालसुधारगृह पण धरलंय, तर उत्पन्न किती ते न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन करा. एक मागणी ठासून करा, मुलाच्या मूळ केसमधला वकील आणि या अत्याचाराच्या केसमधला वकील वेगळे असले तर बरं. सरकारी वकील सरकारच्या वतीने असतो, पण पोक्सोच्या कलम ४० मुळे मुलाला स्वतःचाही वकील ठेवता येतो.

विशेष कोर्टात सुनावणी बंद दाराआड होते, मुलाला आरोपी दिसणार नाही अशी सोय करायची असते, पुन्हा पुन्हा बोलवायचं नसतं, साक्ष शक्यतो ३० दिवसांत आणि केस शक्यतो वर्षात संपवायची असते. केस लांबतात, ते मी लपवणार नाही. पण पडदा, वेगळी खोली, मध्ये ब्रेक हे मागितलं की मिळतं, मी मिळवलेलं आहे, फक्त आधी अर्ज टाकावा लागतो.

पायरी ५: बाकीचे दरवाजे

राज्य बाल हक्क संरक्षण आयोग मुंबईला आहे, साध्या कागदावर तक्रार चालते. पोक्सो ई-बॉक्स हा ऑनलाइन मार्ग राष्ट्रीय आयोगाने २०१६ ला सुरू केला. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, ही मुदत लोक विसरतात. आयोग कुणाला जेलमध्ये टाकत नाही, पण रिपोर्ट मागवतो, आणि एकदा रिपोर्ट मागवला की संस्थेला उत्तर लेखी द्यावं लागतं, ते उत्तर तुमच्या केसमध्ये सोन्यासारखं वापरता येतं.

एकापेक्षा जास्त मुलांवर होत असेल, संस्थाच सडलेली असेल, तर हायकोर्ट. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट, मुंबई, नागपूर, संभाजीनगर, गोवा, आणि २०२५ पासून कोल्हापूरलाही. २०१८ च्या फेब्रुवारीत संपूर्णा बेहुरा निकालात सुप्रीम कोर्टाने सगळ्या हायकोर्टांना बाल न्याय कायद्याच्या अंमलबजावणीवर स्वतःहून लक्ष ठेवायला सांगितलंय, तो निकाल याचिकेत जोडा. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातल्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण कसं बाहेर आलं ते आठवा. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या कोशिश टीमने तिथल्या संस्थांचं सोशल ऑडिट केलं, मुलींशी शांतपणे बोलले, रिपोर्टमध्ये लिहिलं, २०१८ मध्ये गुन्हा नोंद झाला, केस दिल्लीला हलवली आणि जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. त्या मुलींना विचारणारं बाहेरचं माणूस मिळालं तिथून सगळं सुरू झालं. बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ खालच्या तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा यायचं असतं आणि त्यात एक बाई आणि एक डॉक्टर लागतात, ती समिती शेवटची कधी आली हे माहिती अधिकारात विचारा. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यायला लागतं.

गोव्यात असाल तर तिथे गोवा बाल कायदा २००३ वेगळा आहे आणि पणजीला स्वतंत्र बाल न्यायालय आहे, तिथल्या वकिलालाच धरा.

पैशाबद्दल, लाजू नका

भरपाई मागितली की लोक म्हणतात पैशासाठी केलं. म्हणू देत. मानसोपचाराला, शिक्षण परत सुरू करायला पैसे लागतात. पोक्सो कोर्ट एफआयआरनंतर कधीही अंतरिम भरपाई देऊ शकतं, आणि आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाई मिळू शकते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, आता ती विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते आणि ठराविक प्रकारांत दहा लाखांपर्यंत मदत आहे. लगेचच्या जेवण-प्रवास-औषधासाठी बाल कल्याण समितीकडून तातडीची मदत वेगळी मागता येते. सरकारी ताब्यात अत्याचार झाला तर हायकोर्ट थेट सरकारला भरपाई द्यायला लावू शकतं, १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालापासून हे पक्कं आहे. दिवाणी दावाही आहे, पण सरकारविरुद्ध आधी दोन महिन्यांची नोटीस लागते आणि मुदत कमी असते, १८ पूर्ण झाल्यापासून घड्याळ चालू होतं आणि जास्तीत जास्त तीन वर्षं, काही दाव्यांत एकच. म्हणून एकोणिसाव्या वर्षीच वकिलाला विचारा.

वर्षं उलटून गेली असतील तर

हा भाग ज्यांच्यासाठी आहे ते बहुतेक रात्री एकटे बसून वाचत असतील. तुम्ही आता तीस-पस्तीसचे असाल, लग्न झालं असेल, घरात कुणाला माहिती नसेल की तुम्ही कधी आत होतात. उशीर झाला म्हणून दार बंद झालं असं नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला तक्रारीची मुदतच नाही, आणि लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार मोठेपणी करता येते हे केंद्र सरकारनेही २०१८ ला स्पष्ट केलं.

पण घटना कधीची आहे त्यावर कायदा ठरतो. १४ नोव्हेंबर २०१२ च्या आधीची असेल तर पोक्सो लागणार नाही, जुन्या दंड संहितेची कलमं लागतील, मुलींसाठी ३७६ आणि मुलांसाठी ३७७, आणि दोन्हीला मुदत आडवी येत नाही. १५ जानेवारी २०१६ च्या आधीची मारहाण असेल तर कलम ७५ नाही, तेव्हाच्या कायद्यात फक्त सहा महिन्यांची शिक्षा होती त्यामुळे तो रस्ता जवळजवळ बंद, पण हाड मोडलं असेल तर जुनं ३२५ अजून चालतं. १ जुलै २०२४ च्या आधीचं सगळं जुन्या संहितेत, नंतरचं नव्या. एक भोक आहे ते सांगून ठेवते, १८ पूर्ण झाल्यावर सुरक्षित ठिकाणी असलेल्या मुलग्यावर जुलै २०२४ नंतर लैंगिक अत्याचार झाला तर पोक्सो नाही आणि ३७७ सारखं कलम नव्या संहितेत ठेवलेलंच नाही, मग दुखापत, कोंडून ठेवणं अशा कलमांवर आणि हायकोर्टावर भिस्त ठेवावी लागते.

ओळख उघड होण्याची भीती असेल तर मुलाची ओळख छापायला बंदी आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पोक्सोचं कलम २३. आणि तुम्ही आत होतात म्हणून नोकरीला अपात्र ठरत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम २४ तेच सांगतं, फक्त १६ वर्षांवरच्या ज्या मुलांची केस मोठ्यांसारखी चालली त्यांना हे लागू नाही.

मात्र याच कलम २४ मुळे एक अडचण येते. मुलाच्या भल्यासाठी त्याच्या केसचे कागद अपिलाची मुदत किंवा सात वर्षं झाली की नष्ट करायचे असतात. म्हणजे तुम्ही त्या संस्थेत होतात हे दाखवणारा कागदच उद्या नसेल. तेव्हा तक्रार करायची की नाही हे मनाशी ठरलं नसलं तरी आजच मंडळाकडे आणि संस्थेकडे तुमच्या स्वतःच्या प्रवेशाच्या, सुटकेच्या आणि मेडिकलच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती मागणारा अर्ज द्या, कारण लिहायची गरज नाही. सोबत घरी शोधा, भेटीचा पास, कोर्टाची तारीख लिहिलेली चिठ्ठी, आईने पाठवलेलं पत्र, त्या काळातला दवाखान्याचा केसपेपर, बरोबर राहिलेल्या एखाद्या मित्राचा नंबर. त्या मित्राशी बोलताना त्याला काय आठवतंय ते त्यालाच सांगू द्या, तुमची आठवण त्याच्या तोंडात घालू नका, दोन्ही जबाब वेगवेगळे आले तरच ते खरे उभे राहतात. आणि हे सगळं काढताना झोप उडाली, हातपाय कापायला लागले, तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, मराठीत बोलता येतं, अर्ज दोन दिवसांनी गेला तरी चालतो.